फुग्यातली हळद

विज्ञान प्रदर्शनातल्या आपल्या टेबलापुढे यादोराव येऊन उभे राहिले, तेव्हा रत्नपाल मास्तर घाईघाईने खुर्चीवरून उठला. यादोराव केशोरीहून आले होते ते विज्ञान पाहायला नव्हे, जावई पाहायला. घरी गेलं की मुलगा नवा शर्ट घालून गरीब गाय होऊन बसतो, म्हणून त्याला कामावरच गाठायचा, हा त्यांचा खाक्या. आधीची दोन स्थळं त्यांनी अशीच मोडीत काढली होती. आणि रत्नपालला तर त्यांची मुलगी रंजिता मनापासून आवडली होती.

"हे आपलं विश्व," सायकलचा पंप मोठ्या फुग्याला जोडत तो म्हणाला. "आधी एवढुसं होतं. मग क्षणात प्रचंड फुगलं, आणि त्या ताणानं रिकाम्या जागेतूनच कण तयार झाले. फुग्याचं तोंड सोडलं की दिसतीलच."

"इतकं हळू फुगलं का गा विश्व?" यादोरावांनी जांभई दिली. "माही बस चालली जाईन."

ती जांभई रत्नपालला झोंबली. तो पंपावर तुटून पडला. फुगा फुगला, आणखी फुगला आणि फाटकन फुटला.

धूळ बसली तेव्हा दोघेही नखशिखांत पिवळे होते. मुख्याध्यापक उमराव सर ओरडले, "अरे, सासऱ्यालेच हळद लावली का बे!" सगळा हॉल हसला. ओल्या रुमालाने पुसायला गेले, तर हळद आणखीच चढली. रत्नपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असा घरी कसा जाऊ?" यादोराव गरजले. "चाल संगं. तूच सांग माह्या बायकोले!"

रत्नपालच्या मोटारसायकलवरून दोन पिवळे पुरुष केशोरीच्या बाजारातून गेले. दारातच रंजिता म्हणाली, "बाबा, पोरगा पाह्याले गेलते का लगन लावून आले?"

रत्नपालने सगळा प्रयोग सांगितला. बी.एस्सी. झालेल्या रंजिताने ऐकून घेतलं.

"कण रिकाम्या जागेतून आले म्हनता. मंग हळद कोठून आली?"

रत्नपालने मान खाली घातली. "मीच टाकून ठेवली होती. आधीच."

"म्हंजे मले बनवून राहिला होता!" यादोराव उसळले.

"हो." तो चपला शोधू लागला.

"थांबा," रंजिता म्हणाली. "बाबा, आधीच्या दोघाईची लबाडी तुमाले गावोगाव फिरून शोधा लागली. याइनं इचारल्याबरोबर सांगतलं."

यादोरावांनी आपल्या पिवळ्या हातांकडे पाहिलं.

"चाय मांड," शेवटी ते कुरकुरले. "अन् जावयाले आंग धुवाले पानी दे."

रत्नपाल मान खाली घालूनच न्हाणीकडे गेला.