अप्पांची गाडी दम धरंना

अप्पांच्या दुकानात पेंड घ्यायला गेलं की अप्पा आधी विचारतात, "नजर चांगली हाय का तुमची?"

नवखं गिऱ्हाईक बावचळतं. म्हशीच्या पेंडीला आपली नजर कशाला लागते, हे त्याला कळत नाही. "हाय की," एवढं तोंडातून निघालं की तो सापडला. अप्पा त्याच्या दंडाला धरून त्याला मागच्या गोडाऊनमध्ये नेतात. तिथं सरकीच्या पोत्यांमध्ये एक लालभडक, शर्यतीत पळणारी वाटावी अशी बुटकी मोटार उभी असते. बॉनेट उघडं आणि आत घड्याळासारखं एक मीटर लटकत असतं. "ह्या काट्याकडं बघत ऱ्हावा," अप्पा सांगतात, "आन उतरायला लागला की वरडा."

अप्पा म्हणजे शिवलिंगअप्पा. मुरुम गावात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून, त्यांचं पेंडीचं आणि माझं झेरॉक्सचं. मी बहुतेक वेळ रिकामाच असतो हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे काटा बघायची पाळी सगळ्यात जास्त माझ्यावर येते. अप्पांना स्वतःला तो दिसत नाही. डॉक्टर मोतीबिंदू काढा म्हणतात, तर अप्पा म्हणतात, "आधी गाडीचं बघू."

गाडी त्यांच्या मुलाची, बसवराजची. पुण्याला नोकरीत असताना त्यानं हौसेनं घेतली आणि कॅनडाला जाताना बापाकडे ठेवली. "अधनंमधनं चालू करत जावा," एवढं सांगून गेला. अप्पांना गाडी चालवता येत नाही. येत असती तरी आमच्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट टेकलं असतं. पण अप्पा रोज किल्ली फिरवतात आणि तिच्याशी कानडीत बोलतात. "एनप्पा, आराम इद्दी?" म्हणजे काय बाबा, बरा आहेस ना. घरात मुलाशी ते असंच बोलायचे.

उन्हाळ्यात ही गाडी चालू व्हायला कुरकुर करायला लागली. उमरग्याहून सलीम फिटर आला. त्यानं पेट्रोलच्या नळीला ते मीटर जोडलं आणि समजावून सांगितलं, की असल्या जोरकस इंजिनाला पेट्रोल दाबानं लागतं, आणि गाडी बंद केल्यावरही तो दाब नळीत टिकून राहायला हवा. इथं तो टिकत नव्हता. अप्पांनी दाबाचा 'दम' केला. "गाडी दम धरंना," असं ते गावभर सांगत सुटले. मी काट्यासमोर चुळबुळ केली की मलाही ऐकवायचे, "तुमी तरी दम धरा की हो."

काटा उतरेपर्यंत बसायचं, म्हणजे चहा आला. घरातल्या काकू वारल्यापासून चहा अप्पाच करतात आणि साखर टाकली की नाही ते विसरून पुन्हा टाकतात. तो पाक घशाखाली उतरवत मी काट्यावर नजर ठेवायचो आणि मनातल्या मनात त्या मोटारीला शिव्या घालायचो.

रविवारी बसवराजचा फोन येतो. पूर्वी "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" इथंच तो संपायचा. दम जायला लागला आणि फोन लांबला. कुठं गळतंय का, बॉनेटखाली वास येतोय का, बापलेक बोलत बसायचे. मागच्या सीटखाली टाकीतला पंप असतो. तिथं फोन धरून अप्पा त्याची घुंईघुंई थेट कॅनडाला ऐकवायचे.

शेवटी सलीमनं दोष पकडला. गळत कुठंच नव्हतं. पंपातली एक बारकी झडप झिजली होती, त्यामुळे गाडी बंद केली की नळीतलं पेट्रोल माघारी टाकीत यायचं.

"म्हंजी घराकडं पळायलंय?" अप्पा म्हणाले. "मग त्याचं काय चुकलं? त्याला घराची वढ हाय."

मी आणि सलीम हसलो. अप्पा हसले नाहीत.

नवा पंप बसला. त्या रविवारी अप्पांनी आनंदानं बातमी दिली आणि बसवराज म्हणाला, "झालं ना नीट? मग विकून टाका, अप्पा. मी काय आता तिकडं राहायला येत नाही. सोलापूरचा एक जण तयार आहे, उद्या संध्याकाळी येईल." अप्पांचा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून मलाही ते ऐकू आलं. "बरं बाबा," एवढंच अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला न्यायला आले. "चला, एकदा बघून घिऊ. खोट असलेला माल म्या कुणाला इकला न्हाय." ते खरंच होतं. पोतं ओलं असलं तर गिऱ्हाइकाच्या आधी अप्पाच सांगतात, हे नेऊ नका.

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात, ढाण्या वाघासारख्या आवाजात चालू झाली. मग बंद केली आणि ते चहा करायला गेले. मी काट्यासमोर बसलो. काटा ठोकून बसवल्यासारखा जागच्या जागी होता.

अप्पा दोन कप घेऊन आले. "कुठं हाय काटा?"

मी वर बघितलं. त्यांनी कप पोत्यावर ठेवले आणि बॉनेटवरून हात फिरवला. मला रविवारचे ते लांबलेले फोन आठवले.

"उतरायलाय की, अप्पा," मी म्हणालो. "हळूहळू उतरायलाय."

अप्पांची नजर अधू असली तरी कान शाबूत आहेत, आणि गाडी कशी चालू झाली ते त्यांनी ऐकलं होतं.

"नजर चांगली हाय न्हवं तुमची?"

"लई चांगली हाय."

"मग न्हाय इकता येत," ते म्हणाले. तिथूनच त्यांनी सोलापूरला फोन लावला, गाडीत खोट आहे, येऊ नका म्हणून सांगितलं. मग खांद्यावरच्या पंच्यानं बॉनेट पुसत उभे राहिले.

"बसवराजला काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगीन, गाडी दम धरंना." पंचा थांबला. "आन आता मलाबी धरवंना."

त्या दिवशी तो पाकासारखा चहा मी आणखी एक कप मागून घेतला.