छताचे सात डाग

मनकर्णाबाईंनी ओट्यापाशी उभे राहून मान वर केली आणि छताचे तपकिरी डाग मोजले. सहा होते. प्रत्येकाभोवती त्यांनी स्वहस्ते पेन्सिलीने रेघ ओढली.

हे छत घराचे नव्हे, गाडीचे होते. जंगल पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांच्या मुलाने, प्रफुलने, एका जुन्या बसचे फिरते घर करवून घेतले होते. आत पलंग, ओटा, न्हाणी. टपावर पाण्याची टाकी. वरोऱ्याच्या अंकुश मिस्त्रीने ते आठवड्यापूर्वीच आणून दिले होते. बाईंनी त्याला तातडीने बोलावून घेतले.

“अंकुश, तुह्यं छत गळून राह्यलं. वरोऱ्यात साऱ्यायले सांगतो मी.”

अंकुशचा चेहरा उतरला. त्याच्या कारखान्यात दुसरी बस अर्धी कापून उभी होती, आणि तिचा मालक या गाडीबद्दल बाई काय म्हणतात, त्यासाठी थांबला होता.

“बाई, मे महिना हाये. पाऊसच नाई, तं गळन काय?”

“टाकी गळन!”

टाकी रिकामी करण्यात आली. दुसऱ्या दिवशी सातवा डाग हजर होता.

“मंग वर उंदीर मुतले असन,” प्रफुल म्हणाला.

अंकुशने स्क्रू काढून छताचे प्लायवूड उतरवले. वर उंदीर नव्हता, ओल नव्हती. प्लायवूडची वरची बाजू कोरी करकरीत होती. बाईंनी ते दोनदा उलटसुलट करून पाहिले.

“डाग एकाच अंगाले काऊन?”

“खालून आला असन, बाई.”

“चाळीस वर्षं संसार केला मी. डाग वरून पडते. खालून चढत नाई!”

तोवर सुनेने, चंचलने, डागावर बोट फिरवून ते जिभेला लावले होते.

“आई, गोड लागून राह्यलं.”

“अवो, चाटलं काऊन?” प्रफुल ओरडला. “आत्ताच मी उंदीर म्हणलो ना!”

इतक्यात खिडकीतल्या फळीवर ‘फट्’ असा आवाज झाला. एका बाटलीचे झाकण अंकुशच्या कानाजवळून गेले आणि त्याच्या हातातल्या प्लायवूडवर आठवा डाग उमटला. पाहुण्यांसाठी बाईंनी धानोऱ्याची मोहाची फुले उकळून स्वतः सरबत केले होते आणि बाटल्यांत भरून त्या फळीवर ठेवले होते. उन्हात तापलेल्या बंद गाडीत ते आंबून फसफसत होते.

“म्हणून रोज झाकण उडते!” बाई पुटपुटल्या. “मले वाटे, चंचलच उघडं ठेवते.”

“अन् तुमी रोज अजून घट्ट लावता, आई.”

कोणी हसले नाही. हसण्याचे धाडस तिथे कोणाकडेच नव्हते. अंकुशने कपाळावरचे सरबत पुसले.

“मंग बाई, आता वरोऱ्यात काय सांगता?”

मनकर्णाबाईंनी पदर सावरला, मान ताठ केली.

“सांगतो ना. अंकुशचं छत असं पक्कं हाये, का आतलं थेंबभरबी बाहेर जात नाई!”