फ्लॉपीतला धुरा

“मास्तर, माहा धुरा काऊन सरकवला?”

नागनाथ मास्तर न्हाणीच्या दगडावर बसून दात घासत होते. तोंडात मंजनाचा फेस, त्यामुळे उत्तर देता येईना. समोर चंपतराव उभे. बोरखेडीतले सगळ्यात मोठे कापूसवाले, आणि आवाज कापसाहून मोठा. त्यांच्या हातात काळी चौकोनी फ्लॉपी होती. तिला हळदकुंकू लावलेलं होतं.

“मी तं तुमच्या वावरात पाय बी नाही टाकला,” चूळ भरून मास्तर म्हणाले.

“वावरातला नाही! काम्पुटरातला! काल इथं बसून इमान उडवलं, वरून पाह्यलं, तं धुरा चार हात माह्या अंगावर आलेला. अन् तो शेजारचा सुधाकरराव मांगं उभा राहून हसून राह्यला होता!”

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. या भागात माणूस एक वेळ भावाला सोडेल, पण धुरा सोडणार नाही. मास्तरांची बायको रुक्माबाई आतून चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “मी म्हनलं होतं. शाळा शिकवा, पटवारगिरी करू नका.”

सगळा घोळ एका विमानापासून सुरू झाला होता, आणि विमान अगदी खरं होतं. निजामाच्या काळात, लढाईच्या वर्षांत, दोन माणसांचं एक शिकाऊ विमान वाट चुकून बोरखेडीच्या काळ्या मातीत उतरलं आणि रुतलं. वैमानिक बैलगाडीनं आदिलाबादला गेला तो परत आला नाही. पुढे शेजारी शाळा झाली, शाळेमागे विमानाला टिनाचं छप्पर मिळालं, आणि पन्नास वर्षं गावच्या कोंबड्यांनी त्यात बिनतक्रार अंडी घातली.

ते चिखलातून ढकलणाऱ्यांत दहा वर्षांचा भिवाजी होता, म्हणजे मास्तरांचा बाप. वैमानिकानं खूश होऊन त्याला उचललं आणि पुढच्या जागेवर बसवलं. त्या दिवसांत भिवाजीला गावच्या पारावरसुद्धा कोणी टेकू देत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांची वावरं वखरून म्हातारा झालेला भिवाजी अजून सांगायचा, “गावात बसाले जागा नवती, अन् मी इमानात बसलो.” त्याची एकच हौस राहिली होती, त्या इंजिनाचा आवाज एकदा कानानं ऐकायचा.

आणि त्याच विमानाला सरकारी कचेरीनं नोटीस चिकटवली. संक्रांतीपर्यंत चालू झालं नाही, तर शाळेच्या मोडक्या बाकांबरोबर भंगारात लिलाव. भिवाजी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी कंबर कसली.

मास्तरांकडे हैदराबादहून आणलेला जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात विमान उडवायचा एक खेळ. शहरातले शौकीन लोक त्या खेळात आपापली गावं, आपापली विमानं घालतात आणि फ्लॉपीवर एकमेकांना पाठवतात, हे त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. उन्हाळ्याची सगळी सुट्टी खपून त्यांनी बोरखेडीचं विमान बनवलं. खाली तामसीचा रस्ता घातला, गुडीहत्नूरचा हायवे घातला, पार बासरच्या देवळापर्यंत गोदावरी नेली. फ्लॉपी फुकट, आवडली तर विमानाच्या दुरुस्तीला जमेल ते द्या, असं पत्र सोबत जोडलं. पुण्या-नागपूरहून मनिऑर्डरी यायला लागल्या. एका गृहस्थानं विचारलं, ‘विमान झकास उडतं, पण बसायच्या जागी कोंबडी का आहे?’ मास्तरांनी उलट टपाली प्रामाणिकपणे कळवलं, ‘कारण ती असते.’

परगावचे लोक देतात म्हटल्यावर गावालाही चेव आला. गावात कॉम्प्युटर एकच, तोही मास्तरांच्या माजघरात. पण चंदा दिला म्हणजे फ्लॉपी हवीच. लोक ती घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवू लागले आणि उडायची इच्छा झाली की देवासमोरून उचलून मास्तरांकडे यायला लागले. आतलं लोखंड कुंकवानं गंजतं, हे मास्तर सांगून थकले.

आता बोरखेडीत नावाशिवाय कोणी काही देत नाही. मारुतीच्या देवळातल्या पंख्याला तीन पाती आहेत आणि तिन्हींवर दात्यांची नावं आहेत. पंखा फिरला की एकही वाचता येत नाही, म्हणून भर वैशाखात तो बंद असतो. तेव्हा विमानावर आमचं नाव टाका, ही मागणी ओघानंच आली. इतकी नावं रंगवली असती तर रंगाच्या वजनानंच विमानाची चाकं जमिनीत गेली असती. म्हणून मास्तरांनी, त्यांच्या मते, फार हुशारीची तोड काढली. जो चंदा देईल त्याचं घर, विहीर आणि वावर फ्लॉपीत काढून द्यायचं.

इथंच घात झाला. ज्याचा चंदा आला त्याचं वावर हिरवंगार, ज्याचा नाही तिथं उघडा माळ. आपल्या जागी माळ दिसतो म्हटल्यावर माणसं पाऊस उघडायचीही वाट पाहीनात. रेणुकाबाईनं घराचा चंदा दिला आणि म्हशीचा वेगळा दिला.

“म्हैस वरून वळखू आली पायजे,” ती म्हणाली.

मास्तरांनी म्हैस घराएवढी काढली. रेणुकाबाईला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

चंपतरावांनी तर शेजारी बसून, पडद्यावर बोट टेकवून आपला धुरा काढून घेतला होता. चार दिवसांनी सुधाकरराव आले. चंपतरावांचे शेजारी. बोलायला इतके गोड की आपण काय कबूल केलं हे माणसाला घरी गेल्यावर कळावं.

“मास्तर, तुमची चूक नाही,” ते म्हणाले. “तुमाले काय माईत, अस्सल धुरा कुठं होता. आमच्या आज्याच्या पहाणीच्या कागदात पाहा. चार हात तिकडं. अन् हा घ्या इमानासाठी चंदा.”

मास्तर मुळात भिडस्त. त्यात गुडीहत्नूरचा बाबाराव मिस्त्री रोज निरोप पाठवत होता. बाबाराव ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि इंजिन हे शेवटी इंजिनच असतं, या श्रद्धेवर त्यानं विमान हातात घेतलं होतं. नागपूरला विमानाचा पंखा तयार आहे, पैसे आणा आणि घेऊन जा, एवढंच त्याचं म्हणणं. मास्तरांनी सुधाकररावांचा चंदा घेतला आणि धुरा चार हात सरकवला. तसा तो सरकवणं सोपं होतं, दोनदा बटण दाबायचं.

“सरकवा परत,” चंपतराव आता चहा न पिता म्हणाले. “हा घ्या अजून चंदा.”

धुरा परत गेला. दुपारी सुधाकरराव आले, धुरा इकडे आला. आठवडाभर तो असाच येरझाऱ्या घालत राहिला. पंखा नागपूरहून आला, नवे टायर आले, आणि मास्तरांना चोरून आनंदही झाला, हे कबूल केलं पाहिजे. पण रविवारी दोघंही एकाच वेळी दारात उभे राहिले.

“आमचा चंदा परत द्या,” चंपतराव म्हणाले.

“अन् माहा बी,” सुधाकरराव म्हणाले. गोडवा पार उतरला होता. “नाही तं कचेरीत दरखास्त देतो. मास्तर पैसे घेऊन जमिनी फिरवून राह्यला म्हणून.”

पैसे पंख्यात गेलेले, टायरांत गेलेले. दरखास्त गेली तर नोकरी जाणार, आणि विमान तर जाणारच. ओसरीवर भिवाजी सगळं ऐकत बसला होता. तो टिनाच्या छपराकडे पाहत राहिला. त्या बघण्यानं मास्तरांचा जीव कासावीस झाला, आणि जीव कासावीस झाला की माणसाला सुचतं.

“बसा,” ते म्हणाले. कॉम्प्युटर सुरू केला. धुरा पुसला. त्याच्या जागी रस्त्यापासून शाळेमागच्या छपरापर्यंत एक लांबलचक राखाडी पट्टा ओढला.

“हे काय?”

“धावपट्टी. इमान उतरायची. इथं कोणाचाच धुरा नाही.”

दोघं पडद्याजवळ वाकले. “पण चार हातांत इमान कसं मावन?” सुधाकररावांनी विचारलं.

“नाही मावत. म्हणून तुमच्याकडून दहा हात घेतले अन् त्यायच्याकडून दहा.”

चंपतरावांनी डोळे बारीक केले. “त्याचे बी दहा गेले?”

“बरोबर दहा.”

“मंग घ्या!” चंपतराव खूश होऊन म्हणाले. सुधाकररावही हसत बाहेर पडले. आपलं गेलं याचं दुःख कोणालाच नव्हतं.

गंमत अशी की दिवाळीनंतर ज्वारी पेरायची वेळ आली, तेव्हा त्या पट्ट्यात दोघांनीही तिफण घातली नाही. फ्लॉपीत धावपट्टी असताना आपण पेरलं आणि दुसऱ्यानं वरून पाहिलं तर? पट्टा मोकळा राहिला, पोरं खेळून खेळून तो टणक झाला.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात कचेरीचे साहेब जीपनं आले. ते तेलुगू होते आणि गावाशी हिंदीत बोलायचे. “चालू होता नहीं होता, वो दिखाओ जी,” ते घड्याळ पाहत म्हणाले. भंगारवालाही सोबत आला होता आणि विमानावर टिचक्या मारत होता. बाबारावनं देवाचं नाव घेऊन पंखा फिरवला. काही नाही. दुसऱ्यांदा फिरवला. इंजिन खोकलं आणि एक कोंबडी उडाली. तिसऱ्यांदा फिरवला, आणि अख्खं टिनाचं छप्पर थरथरायला लागलं.

पुढच्या जागेवर भिवाजी बसला होता, डोक्याला पांढरं पागोटं गच्च बांधून. मागे बाबाराव चढला. विमान उडालं वगैरे नाही. उडायची परवानगीही नव्हती आणि बाबारावची हिंमतही नव्हती. पण ते धावपट्टीवरून रस्त्यापर्यंत धावलं, वळलं आणि परत आलं. भिवाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. मास्तरांना सगळ्यांदेखत रडू आलं, त्यांनी ते लपवलंही नाही.

“बहुत अच्छा,” साहेब म्हणाले. “ये तो भंगार नहीं है.”

गावानं टाळ्या वाजवल्या.

“चालू विमान है. मतलब सरकारी मालमत्ता है. बृहस्पतिवार को ट्रक भेजता हूं, जिल्हे को ले जाएंगे. इधर मुर्गियों में कायकू रखना?”

टाळ्या अर्ध्यात थांबल्या. साहेबांना वाटलं, गाव आनंदानं गप्प झालं. ते जीपमध्ये बसून गेले. भिवाजी विमानातून उतरायलाच तयार होईना. मास्तर त्याचा हात धरून उभे राहिले. मोडकं होतं तेव्हा कोणालाच नको होतं, आणि नीट केलं तर हातचं चाललं. आपणच आपल्या हातांनी हे केलं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

गुरुवारी साहेब पुढे आणि ट्रक मागे असे आले, आणि रस्त्यातच थांबले. धावपट्टीवर आडवा, चांगला कमरेएवढा मातीचा धुरा घातलेला होता. त्याच्यावर बाभळीच्या काट्या रोवल्या होत्या. पलीकडे दहा पावलांवर दुसरा, त्याहून उंच. छपरापर्यंत गाडी न्यायला दुसरी वाट नव्हती. साहेब लालबुंद होऊन खाली उतरले. समोर अख्खं गाव उभं होतं, आणि पुढे चंपतराव नि सुधाकरराव. दोघांच्याही धोतराला गुडघ्यापर्यंत आणि हातांना कोपरापर्यंत ओली माती होती.

“ये किसने डाला?”

चंपतरावांनी मातीचे हात पाठीमागे नेले.

“ठीक है. जमीन किसकी है? जिसकी जमीन, उसको नोटीस. ट्रक का भाडा भी उसी से लूंगा.”

चंपतरावांनी क्षणाचाही विचार केला नाही. “सुधाकररावकी है, साहेब. आज्यापासून.”

“नाही नाही!” सुधाकररावांनी दोन्ही हात जोडले. “मी कशाले खोटं बोलू? एक एक हात चंपतरावकी है. वाटल्यास लिहून देतो.”

“त्याचीच आहे, साहेब! माहा धुरा तं लई अल्याड!”

“झूट! याच्या बापानं मले सोता सांगितलं!”

साहेबांनी सोबत आणलेल्या पटवाऱ्याकडे पाहिलं. पटवाऱ्यानं दफ्तर उघडलं, पानं उलटली, आणि तक्रार निजामाच्या काळापासून चालू असल्याचं अदबीनं सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर बाजूला काठी टेकून उभ्या असलेल्या भिवाजीवर पडली.

“बाबा, तुम पुराना आदमी. इधर ही काम किया ना? तुम बोलो, इसका धुरा असल में किधर था?”

सगळं गाव वळून भिवाजीकडे पाहायला लागलं. म्हाताऱ्यानं पट्ट्यावरून सावकाश नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“दोघायचीबी वावरं मीच वखरली, साहेब, चाळीस वरसं. बैल बराबर धुऱ्यावर येऊन वळत होते. त्यायले पक्कं माईत होतं.”

“तो फिर?”

“पण ते बैल आता मेले.”