पेरूच्या बागेतली लिफ्ट

"पोपटांचं तुमी डोक्यातनंच काढून टाका, तात्या. धोंड्याच्या जेवणाला येताना मी मशीन घिऊनच येतो. त्यानंतर बागेत पोपटाचं पीस जरी सापडलं, तर जळोचीचं दुकान बंद करतो."

फोनवर हे बोलताना अविराज इतका रंगात आला, की समोर तात्या नाहीत हे विसरून त्याने छातीवर हातही मारून घेतला.

झुंबरतात्या म्हणजे त्याचे सासरे. सणसरला त्यांची दोन एकर पेरूची बाग. अविराजचं जळोचीत मोटर स्टार्टर, अँप्लिफायर, मिक्सर असं सगळं दुरुस्त करायचं दुकान, पाच वर्षं जुनं आणि बऱ्यापैकी चालणारं. पण तात्यांच्या लेखी जगात कामं दोनच, शेती नाहीतर कारखान्यातली नोकरी. त्यामुळे जावई भेटला की ते न चुकता विचारत, "मग, सध्या काय करताय?" हा प्रश्न ऐकला की अविराजला सासुरवाडीचा चहा घशाखाली उतरत नसे. यंदा अधिक महिन्यात सगळ्या भावकीसमोर असं काही करून दाखवायचं, की तो प्रश्न कायमचा मिटला पाहिजे, असं त्याने ठरवलं होतं.

बेत तसा साधा होता. उंच बांबूवर भोंगा, सौर पॅनेल आणि आवाज साठवणारी एक चिप. चिपमध्ये ससाणा, गरुड, कुत्रं, फटाका आणि माणसाची आरोळी असे पाच आवाज आलटून पालटून वाजणारे, म्हणजे पोपटांना सवय व्हायला नको.

चिप घ्यायला तो मोबाइल घेऊन बसला, तर तीन प्रकार दिसले. पहिली नामांकित कंपनीची आणि महाग. दुसरी अगदी तिच्यासारखीच चालणारी, पण वेगळ्याच कंपनीने केलेली. पाठीवर त्या कंपनीने स्वतःचंच नाव छापलेलं, किंमत निम्मी, विक्रेता अधिकृत, बिल पक्कं. तिसरीवर नाव पहिल्या बड्या कंपनीचं आणि किंमत पावपट! विकणाऱ्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. बिल नाही, माल परत नाही.

त्याची बायको संजीवनी शेजारी लसूण सोलत होती. ती म्हणाली, दुसरी घ्या.

"ती क्लोन हाय. नक्कल," अविराज म्हणाला. "तुझ्या माहेरी मी नक्कल घिऊन जाऊ?"

"नक्कल हाय असं ती तोंडानं सांगतीया तरी. ती तिसरी एवढी स्वस्त का, ते कोण सांगतंय का?"

अविराजने तिसरीच मागवली. दुकानालाही लागतील म्हणून दहा मागवल्या, बारा आल्या. दोन फुकट आलेल्या बघून त्याला विकणाऱ्याच्या दानतीचं फार कौतुक वाटलं. त्यातली एक जोडून त्याने आवाज भरले आणि दुकानाबाहेर चाचणी घेतली. ससाणा असा ओरडला, की शेजारच्या कोंबड्या घमेल्याखाली शिरल्या. एक वाजला म्हणजे पुढचे चार वाजणारच, असं म्हणून त्याने डब्याचे स्क्रू आवळले. माणूस फसतो तो अशा वेळी!

धोंड्याच्या दिवशी सणसरला पंगत बसली. बनाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जावयाला आग्रह करकरून पुरणाचे नऊ धोंडे वाढले आणि प्रत्येकावर तुपाची धार धरली. तेवढं पोटात घेऊन अविराज सगळ्या भावकीला बागेत घेऊन गेला. फाटकातून आत शिरलेल्या तीस-चाळीस जणांपैकी एकानेही ते मागे लावलं नाही, म्हणून तात्या वाटभर कावले. फाटक उघडं राहिलं की शेळ्या आत यायच्या, हे त्यांचं पोपटांच्या खालोखाल दुखणं होतं.

तात्यांनी नारळ फोडला. अविराजने बटण दाबलं, डबा बांबूवर चढवला आणि शिडीवरून खाली आला.

ससाणा ओरडला. बागेतून पोपटांचा हिरवा लोटच्या लोट उठला आणि कालव्याकडे गेला. भावकीने टाळ्या वाजवल्या. तात्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावलीला या म्हणाले. अविराजला वाटलं, जिंकलो.

दहा मिनिटांनी गरुडाची पाळी होती. भोंग्यातून आधी मंजूळ संगीत आलं, मग एक बाई लाडिक आवाजात म्हणाली, "कृपया दरवाज़ा बंद करें."

तात्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला आणि विचारलं, "ही कोण?"

उत्तर बनाबाईंनी दिलं. गुडघे दाखवायला त्या बारामतीच्या दवाखान्यात जात. "अगं बया, ही तर लिफ्टमधली बाई!"

कुत्र्याच्या जागी बाई म्हणाली, "पहली मंज़िल." फटाक्याच्या जागी म्हणाली, "दूसरी मंज़िल." पोपट एकेक करून परतले आणि भोंग्याच्या आजूबाजूला बसून निवांत पेरू खाऊ लागले. बंद करायचं बटण बांबूच्या टोकाला, कारण खाली ठेवलं तर कुणीही दाबेल, हीही अविराजचीच हुशारी. पुढचा तरी आवाज नीट लागेल ही आशा सोडून तो घामाघूम होऊन पुन्हा शिडी चढू लागला. नऊ धोंड्यांनी जड झालेला जावई मधल्या पायरीवर पोचला, तेवढ्यात बाई स्पष्ट म्हणाली, "वज़न ज़्यादा है. कृपया बाहर निकलें."

भावकी अक्षरशः गवतात लोळली. बनाबाईंनी पदर तोंडात कोंबला. हसले नाहीत ते फक्त तात्या, आणि अविराजला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

संध्याकाळी अंगणात त्याने चिप काढली. संजीवनीने पर्समधून नेलपॉलिश काढायचं औषध आणि कापूस घेतला आणि चिपची पाठ पुसली. बड्या कंपनीचं नाव चक्क कापसावर आलं! खाली घासून पुसट केलेला निराळाच नंबर दिसला. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या लिफ्टमधली ती जुनी, लहान चिप होती. तिच्यात एकच नवा आवाज मावला होता, बाकी जागा बाईने सोडलीच नव्हती.

तात्या शेजारी येऊन बसले. आता तो प्रश्न येणार, म्हणून अविराजने मान खाली घातली. त्याला खरंच रडू यायचं बाकी होतं.

"ती कडंची झाडांची वळ बघितली का?" तात्या म्हणाले. "टेंपोवाल्याकडनं घेतलेली रोपं. भारी जातीचं लेबल हुतं. फळ आलं, तर नुसत्या बिया. कलम म्हंजी तरी काय, झाडाची नक्कलच की! पर ते कलम म्हणूनच इकत्यात. लेबल खोटं, ती लबाडी. मी बी फसलोय, जावईबापू. तुमच्या सासूबाईंना ठावं हाय, बाकी कुणाला न्हाय."

बनाबाई आतून म्हणाल्या की सगळ्या सणसरला ठाऊक आहे.

अविराज इतका मोकळा हसला, की मधला पाच वर्षांचा अवघडलेपणा त्यातच वाहून गेला. आठवड्याने तो पुन्हा आला, तो स्वतःचं नाव मिरवणारी क्लोन चिप, पक्कं बिल आणि पाचही आवाजांची चाचणी घेऊन. पोपट कालव्यापलीकडे गेले. जुनी चिप मात्र तात्यांनी फेकू दिली नाही. ती त्यांनी बागेच्या फाटकावर बसवून घेतली. फाटक उघडं राहिलं की बाई दरवाजा बंद करायला सांगते, माणूस दचकून मागे फिरतो आणि फाटक लावतो. महिन्यात एकही शेळी आत आली नाही. आता जावई काय करतात ते तात्याच पारावर सांगतात, तेही कुणी विचारलं नसताना.

त्यामुळे फाटकाच्या डब्याला मागणी आली. लिफ्टमधल्या बाईचा आवाज आपला नाही, तो विकायचा नाही, असं संजीवनीने बजावलं आणि स्वतःच्या आवाजात भरून दिलं, "फाटक लावा." चिप बिलाची, आवाज घरचा, डब्यावर दुकानाचं नाव. सगळा कारभार चोख.

परवा कन्हेरीचे एक आबा दुकानात आले. त्यांनी डबा वाजवून बघितला, उलटा करून बघितला आणि बाजूला ठेवला.

"ही बाई डुप्लिकेट दिसतीया," ते म्हणाले. "झुंबरतात्यांच्या फाटकाव हाय, तसली वरिजनल दाखवा."

अविराजने तोंड उघडायच्या आत पडद्यामागून संजीवनीचा आवाज आला, "कोण डुप्लिकेट म्हणलं?"

आबा लगबगीने निघून गेले. जाताना दार मात्र नीट लावून गेले.