चौदा नंबरचं माहेर

लॉजच्या रजिस्टरमध्ये 'येण्याचं कारण' असा एक रकाना असतो. तुम्हीआम्ही तिथे 'काम' लिहितो, 'खाजगी' लिहितो, नाहीतर आडवी रेघ मारून मोकळे होतो. आमच्या धाड गावचे देवमनआबा तिथे लिहितात, 'लेक'.

गांधीधामच्या एका साध्या लॉजच्या रजिस्टरात गेली नऊ वर्षं, दर अखाजीच्या तोंडावर, हा एकच शब्द त्याच जाडजूड अक्षरात उमटतो आहे. पहिल्या वर्षी लॉजचे मालक हिरजीभाई यांनी विचारलं होतं, "काका, ये क्या लिखा? धंदे का काम है, के घूमने आये?" आबा म्हणाले, "बेटी रहती है इधर. उसकाच काम है." हिरजीभाईंनी रजिस्टर मिटलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मी धाडच्या शाळेत मास्तर आहे आणि आबा माझे शेजारी. आमची भिंत एक आहे, त्यामुळे त्यांचा खोकला मला पाठ आहे. सत्तरी ओलांडलेली, अंगात बंडी, डोक्यावर टोपी आणि बंडीच्या खिशात बारमाही पक्कड. "पक्कड नसलेला मानूस म्हनजे अर्धा मानूस, मास्तर," असं ते माझ्या रिकाम्या खिशाकडे बघून म्हणतात. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एकुलती एक लेक सुनंदा, तिला दिली गांधीधामला. जावई कांडल्याच्या बंदरावर क्रेन चालवतो.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरच्या पोरी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात. सुनंदाही लग्नानंतर तीन वर्षं आली. पण बाजारात म्हणू नका, हापशीवर म्हणू नका, भेटेल ती बाई तिच्या पोटाकडे बघून विचारायची, "काई हाय का वं?" चौथ्या वर्षी सुनंदा आलीच नाही. आबांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ती येत नाई, तं मी माहेर घेऊन जातो. माहेर काय जमिनीत गाडेल असते काय?"

मला वाटलं, म्हातारा बोलतोय. बोलणारी माणसं मी रोज बघतो, शिक्षकांच्या खोलीत दुसरं काय असतं? पण आबा खरोखरच गेले, आणि जातच राहिले.

यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. सुनंदाचा मला फोन आला, "सर, बाबांना एकटं सोडू नका." शाळेला सुट्टी होती आणि मी जन्मात बंदर पाहिलेलं नव्हतं. निघालो. एसटीने मलकापूर, तिथून भुसावळ, तिथे गाडी बदलली. आबांचं सामान तीन डाग. एका डब्यात कुरडया-पापड, एका पिशवीत ज्वारीचं पीठ, बेसन आणि ठेचा, आणि तिसरं एक बांधलेलं पोतं. गाडीत टीसीने पोत्याला बुटाचं टोक लावलं.

"इसमें क्या है?"

"माती."

"और?"

"और बी मातीच."

टीसीने पोतं सोडायला लावून आत कोपरापर्यंत हात घातला. माती निघाली. त्याने आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. मी त्यांच्याबरोबर नाहीच, असं दाखवण्याची सोय असती तर मी ती घेतली असती.

लॉज होतं ट्रकांच्या रस्त्यावर. खाऱ्या हवेने भिंतींचे पोपडे सुटलेले, समोर लाकडाच्या ओंडक्यांच्या राशी, हवेत डिझेलचा वास. खोलीत एक पलंग, एक पंखा आणि एक आरसा, त्यात तोंड बघायचं तर गुडघ्यात वाकावं लागे. पण दारात पाय ठेवला आणि मी थबकलो. पायरीशी पाण्याची बादली होती आणि तिच्यावर तांब्या.

त्याची कथा हिरजीभाईंनीच मला सांगितली. पहिल्या वर्षी आबांनी दारात वहाणा काढून पाय धुवायला पाणी मागितलं. काउंटरवरच्या माणसाने मोठ्या अदबीने पाण्याची सीलबंद बाटली दिली. आबांनी ती फोडून पायरीवरच पायांवर ओतली आणि म्हणाले, "थोडा कम है, लेकिन चलेगा." दुसऱ्या वर्षी हिरजीभाईंनी बादली ठेवली. आता ती बारा महिने असते. लाकडाचे व्यापारी, ट्रकवाले, जहाजाच्या कागदपत्रांसाठी आलेले कारकून, सगळे तिथे पाय धुऊन आत जातात. का धुतात ते त्यांनाही माहीत नाही. बादली आहे म्हणून धुतात.

आबांचं तत्त्व एकच. "ज्याच्या छताखाली झोपलो, त्याचे आपन पाव्हने." पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही, म्हणून कुरडया-पापडांचा डबा हिरजीभाईंच्या बायकोचा. पाहुणा फुकट बसत नाही, म्हणून आबा सकाळी खोली स्वतः झाडतात आणि मग पक्कड घेऊन निघतात. कुणाची कडी सैल, कुणाचा नळ गळका. माझ्या देखत त्यांनी एका धिप्पाड परक्या माणसाचं दार वाजवून सांगितलं, "आपका नल रातभर रोया. मैं समझाता उसको." तो माणूस टॉवेलवर होता. तो तसाच बाजूला झाला, आबांनी नळाची समजूत घातली आणि जाताना उलट त्यालाच विचारलं, "जेवन झालं का?"

आता मातीचं सांगतो. लॉजच्या मागे एक शेवगा आहे. नऊ वर्षांपूर्वी आबांनी धाडहून फांदी आणून खोचली होती. तिथली जमीन खारट, फांदी धरेना, म्हणून दुसऱ्या वर्षी काळी माती आणली, तिसऱ्या वर्षी आणली, आणि तेव्हापासून दरवर्षी एक पोतं. आज तो शेवगा दुसऱ्या मजल्याला टेकलाय आणि लॉजच्या डाळीत त्याच्या शेंगा असतात. मी त्या झाडाखाली उभा राहिलो आणि खाली पाहिलं. पायाखाली आमच्या शिवारातली माती होती. खरं सांगतो, मला गाडीतल्या त्या खिडकीची लाज वाटली.

दुपारी सुनंदा आली. पस्तिशीची, शांत बाई, शिवणकाम करते. तिचं घर तिथून पायी वीस मिनिटांवर, पण तीन दिवस ती लॉजवर येई आणि दिवे लागायच्या आत परत जाई. खोली नंबर चौदा हे तिचं माहेर. ती पलंगावर आडवी होई आणि घोरत झोपे. आबा लॉजच्या स्वयंपाकघरात जाऊन पिठलं-भाकरी करत. थापलेली भाकरी पाण्याच्या हाताने तव्यावर टाकताना त्यांना बघायला हिरजीभाईंचा स्वयंपाकी काम सोडून उभा राही. मग लेकीला उठवत. "ऊठ वं माय, गरम हाय तोवर खा." तिसऱ्या दिवशी हिरजीभाईंच्या बायकोने ओटी भरायची, हेही ठरलेलं.

आणि गच्चीवर झोका! पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्याला आबांनी दोर बांधला, स्वतः लटकून तो तपासला आणि लेकीला बसवलं. खाली ट्रकांची रांग, लांब बंदरावरच्या क्रेनच्या माना, आणि मध्ये ही पस्तिशीची बाई पदर खोचून उंच झोके घेतेय. मी आयुष्यात पुष्कळ अखाज्या पाहिल्या. अशी पाहिली नव्हती. 

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात सलत होती. आबा लेकीच्या घरी जात नव्हते. जुना रिवाज आहे : लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही. आता कोण पाळतं हे? पण आबा पाळत होते. बारा वर्षांत त्यांनी तिच्या घरचा पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावला नव्हता. मी शाळेत मुलांना असल्या रूढींवर निबंध लिहायला लावणारा माणूस. माझी जीभ वळवळत होती.

दुसऱ्या दिवशी जावयाने आम्हाला बंदराच्या रस्त्याला नेलं आणि तो कामावर गेला. कुंपणाबाहेरून लांबवर जहाज दिसत होतं. आबा बराच वेळ बघत राहिले. "मास्तर, एवढं लोखंड पान्यावर उभं हाय. अन् आपली बैलगाडी वीतभर नाल्यात फसते." पुढे रस्त्याच्या कडेला मीठ होतं. ढीग म्हणवत नाही, टेकड्याच होत्या, उन्हात डोळे दिपतील अशा पांढऱ्या. आबांनी टोपी काढून हात जोडले. "जलमभर चिमटी-चिमटीनं खाल्लं. डोंगर आज पाह्यला."

मला तीच संधी वाटली. म्हटलं, "आबा, मिठाच्या गावात नऊ वर्षं येता आणि लेकीचं मीठ मात्र खात नाही. तुमच्यासारख्या माणसाला हे शोभतं का?"

आबा हसले नाहीत. टोपी हातातच राहिली.

"मले काय त्या रिवाजाचं पडलं हाय काय, मास्तर? तिची माय असती तं तिनंच मले पयल्या वर्षी ओढून नेलं असतं. पन आता बारा वर्सं झाली. मी तिच्या घरी जेवलो, तं तिले काय वाटीन? बापानंच आशा सोडली. दुनियेनं सोडली, डाक्टरनं सोडली, आता बापानं बी सोडली. म्हनून मी लॉजात राह्यतो. मी लॉजात हाय तोवर तिले समजते, बाप अजून वाट पाहून राह्यला."

मी मिठाकडे बघत राहिलो. इतका लहान मी माझ्या शाळेतही कधी झालो नव्हतो.

आता माझा स्वभाव सांगतो. माझ्या पोटात काही राहत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा भाकरी थापत होते आणि सुनंदा शेवग्याच्या शेंगा काढत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. चुकलं की बरोबर, याचा विचार करायला मी थांबलो नाही.

तिच्या हातातली काठी खाली आली.

"असं म्हणाले बाबा?"

"अस्संच."

"सर, मले तं वाटे, लेकरू नाही म्हणून बाबांच्या लेखी माझं घर हे घरच नाही. म्हणून पाय ठेवत नाहीत. दरवर्षी मी घर सारवल्यासारखं पुसून ठेवते, एक ताट जास्त मांडते, अन् इथं येते. कधी बोलले नाही. बापाले काय बोलावं?"

बारा वर्षं! बाप समजतोय, गेलो तर लेक खचेल. लेक समजतेय, बापाला माझं घर उणं वाटतं. आणि दोघं त्याच शेवग्याखाली बसून एकमेकांना शेंगा सोलून देताहेत. एवढी माया आणि एवढी मुकी चूक, दोन्ही आमच्याच मुलखातल्या माणसांनी कराव्यात.

सुनंदा तशीच स्वयंपाकघरात गेली. मी दारात उभा राहिलो. आबांचे हात पिठात होते.

"बाबा, तवा उतरवा."

"काऊन वं? दोनच राह्यल्या."

"माझ्या घरी जेवायला चला."

आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. ते समजले. मी चौकटीला हात लावून ती भक्कम आहे का ते बघू लागलो.

"आशा मीच कवाची ठेवून देली, बाबा," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज हलला नाही. "आम्ही रडलो, ते बी झालं. आता आम्ही दोघं हावो अन् आमचं बरं चाललं हाय. तुम्ही एकटेच वाट पाहून राह्यले. नका पाहू. घर भरेल हाय माझं, येऊन पाहा तं खरं."

 आबांनी तव्यावरची भाकरी उलटली, नीट शेकली, टोपलीत टाकली. हात धुतले. मग ऑपरेशन झालेला डोळा बंडीच्या बाहीने पुसत म्हणाले, "डाक्टरनं धुरात जाऊ नको म्हनलं होतं."

खोलीत जाऊन त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. खाली काउंटरवर हिरजीभाईंकडून रजिस्टर मागून घेतलं. त्यात शेवटी 'कुठे जाणार' असा रकाना असतो. नऊ वर्षं तिथे 'धाड' लिहिलेलं होतं, यंदाही परवाच लिहिलं होतं. आबांनी ते एका रेघेने खोडलं आणि वर लिहिलं, 'लेकीच्या घरी'. हिरजीभाईंना मराठी येत नाही. तरी ते काउंटरच्या बाहेर आले आणि आबांची पिशवी स्वतः रस्त्यापर्यंत घेऊन चालले.

सुनंदाचं घर दोन खोल्यांचं. दारात आबा थांबले आणि सवयीने पाणी मागायला तोंड उघडलं. पण दाराच्या आत पितळी तांब्या भरलेला होता. तो काही आजच पहिल्यांदा ठेवलेला नव्हता; उचलला तेव्हा बुडाखाली फरशीवर जुना हिरवट गोल दिसला. दरवर्षीचा असावा.

जावई सुट्टी टाकून आला. ताटं मांडली. शेवग्याच्या शेंगांची भाजी, भाकरी, ठेचा. आबा मांडी घालून बसले. पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. आम्ही तिघेही जेवायचं सोडून त्यांच्याकडे बघत होतो. सुनंदाचा चेहरा तर परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरीसारखा झाला होता.

आबांनी ताट जरासं तिच्याकडे सरकवलं.

"मीठ दे वं माय थोडं. तुह्या हातानं."

सुनंदाने चिमटीने मीठ वाढलं. आबांनी बोटाने ते उचलून नुसतंच जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

भाजीत मीठ बरोबर होतं. मी खाल्ली होती. पण त्या दिवशी मी पोटात एक गोष्ट ठेवली.