एका गुन्ह्याला एकदाच

एकाच चुकीबद्दल कोणी दोनदा रागावलेलं मोहिले वकिलांना चालत नसे. कोथिंबीर विसरली म्हणून मोहिलेवहिनी सकाळी बोलल्या आणि रात्री आमटी वाढताना त्यांनी तोच विषय पुन्हा काढला, की हे हात वर करत. "या प्रकरणाचा निकाल सकाळीच लागलाय. एका गुन्ह्याला एकदाच!"

वकिली रोह्याच्या कोर्टात, घर आमच्या शेजारी. एकदा आम्ही दोघं पेणहून एस.टी.नं येत होतो. पापडांची थैली यांनी वाटेतच ठेवलेली, म्हणून कंडक्टर पेणलाच ओरडला. नागोठण्याला पुन्हा ओरडला. वकील म्हणाले, "पेणला बोललात ना? मग आता परत नाही."

"अवो, पन थैली अजून तिथंच हाय!"

वकील विचारात पडले. "चालू गुन्हा," ते मला हळूच म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे त्याचा." आणि रोह्यापर्यंत थैली मांडीवर घेऊन बसले.

अमेरिकेच्या अध्यक्षांवर महाभियोग चालला, तेव्हा तर ते रोज पेपर घेऊन आमच्या ओट्यावर येत. हा फौजदारी खटला धरायचा का? यातून सुटला, तर त्याच गोष्टीसाठी परत कोर्टात खेचता येईल? मी कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, डुलक्या काढत ऐकायचो. मनातून त्यांना तो खटलाच ठरायला हवा होता, म्हणजे मग परत खेचता आलं नसतं.

त्याच सुमारास आमच्या गावच्या सरपंच सुमनताईंवर अविश्वासाचा ठराव झाला. नळयोजनेचा पंप त्यांनी विकला, असा आरोप. खुर्ची गेली. मागोमाग पोलिसांनी केसही केली. सुमनताई वकिलांकडे आल्या.

"वकीलदादा, तुमीच बोलता ना, एका गुन्ह्याला एकदाच? माजी खुर्ची तर गेली. आता कोर्टान कशाला उभी राहू?"

वकिलांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, खुर्ची काढणं ही कायद्यात शिक्षा धरत नाहीत. त्या अध्यक्षाचंही तसंच. खुर्चीचा निवाडा वेगळा, फौजदारी खटला वेगळा. उभं राहावं लागेल."

"म्हंजे दोनदा?"

"कायद्यानं एकदाच," वकील म्हणाले. "खरं विचाराल तर दोनदा."

केस त्यांनीच लढवली. पंप नळयोजनेच्या ऑपरेटरनंच परस्पर विकल्याचं साक्षीत निघालं आणि सुमनताई निर्दोष सुटल्या. कोर्टाच्या पायरीवरच त्यांनी विचारलं, "मंग आता खुर्ची परत?"

"नाही ताई. तो निवाडा वेगळा म्हटलं ना. कोर्टानं सोडलं म्हणून ठराव पुसला जात नाही." हे सांगताना वकिलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पुढे वहिनींनी घरात सांगितलं, की सुमनताई सार्वजनिक नळावर आल्या की बायका बोलायच्या थांबतात. 

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या शिफ्टला निघालो, तर नळाच्या रांगेत सुमनताईंच्या मागे मोहिले वकील. हातात हंडा. यांच्या घरात नळ, परसात विहीर! "ताई, आज पाण्याला जोर नाही हो," ते मोठ्यानं म्हणत होते. बायका पदराआड हसत होत्या. हे रोज चाललं. वकील रोज निम्मं पाणी वाटेत सांडत घरी नेत.

एका सकाळी त्यांचा हंडा खांद्यावरून घसरला आणि वकील नखशिखांत भिजले. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अवो वकीलदादा, असा नाय धरत हंडा!" मग ती मागे वळली. "सुमन गो, तूच दाखव जरा त्यांना."