निल रिटर्न

एखाद्या प्राण्याचा वंश टिकवायचा असेल, तर त्याला पकडू इच्छिणाऱ्या लोकांची एक नोंदणीकृत संघटना असणे अत्यावश्यक आहे. ज्या प्राण्याला कोणी पकडू इच्छीत नाही, त्याची विचारपूस कोण करणार? आमच्या एल्डर नदीत गोगलगाई किती आहेत हे आजतागायत कोणी मोजलेले नाही. सॅमन मात्र मोजलेले आहेत. २००५ साली ते एकोणीस होते.

रीडिंगहून एम-फोर महामार्गाने पश्चिमेला दोन तास गेले की वेल्सच्या हद्दीपाशी ही नदी लागते. तिथे 'एल्डर सॅमन संवर्धन अँगलर्स असोसिएशन' ही हौशी गळवाल्यांची संघटना कार्यरत असून प्रस्तुत लेखक तिचा मानद सचिव आहे. (मी ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला मासे पकडता येत नाहीत, पण मिनिट्स लिहिता येतात, आणि संस्थेत पहिल्या प्रकारचे लोक पुष्कळ होते.) सभासद चौसष्ट. म्हणजे दर सॅमनमागे ३.३७ सभासद, वर्षाला एक पूर्ण बैठक आणि शंभर तासांचे श्रमदान. इतकी देखभाल आमच्या ओळखीत कोणत्याही माणसाच्या वाट्याला आलेली नाही.

मोजणीबद्दल शंका नको. बंधाऱ्यावर इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलेले आहे. वर जाणारी प्रत्येक गोष्ट ते मोजते. २००४ साली त्याने बावीस मोजले. खाली येणाऱ्या गोष्टीही ते मोजते, हे पुढे एका सुपरमार्केटच्या ट्रॉलीमुळे लक्षात आले, आणि आकडा एकवीसवर आणण्यात आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॅमन नदीत जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो, तिथे खाऊनपिऊन गलेलठ्ठ होतो आणि दोन-तीन वर्षांनी अंडी घालायला नेमक्या त्याच नदीत, शक्यतो त्याच गोट्यांवर परत येतो. निदान यायचा. हल्ली येत नाही, आणि हाच आमच्या संस्थेच्या काळजीचा विषय आहे. आलेला सॅमन आम्ही गळ टाकून पकडतो, पाण्यातच ठेवून गळ काढतो, नाव-गाव विचारल्यासारखे त्याची लांबी बघतो आणि सोडून देतो. मासा मारायच्या छोट्या दांडक्याला इथे 'प्रीस्ट' म्हणजे भटजी म्हणतात (शेवटचा विधी तोच करतो). आमच्या क्लबहाउसचे भटजी १९९८ पासून भिंतीवर टांगलेले आहेत.

आता विरोधक विचारतात की माशाला वाचवायचे असेल तर मुळात पकडताच कशाला? या प्रश्नाचे उत्तर आमचे अध्यक्ष नाइजेल यांनी २००३ च्या वार्षिक सभेत दिले. पकडले नाही तर सभासद राहणार नाहीत. सभासद नसतील तर नदी साफ कोण करणार? नदी साफ नसेल तर सॅमन येणार नाहीत. सॅमन आले नाहीत तर आम्ही पकडणार काय? सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. मी मिनिट्समध्ये 'मुद्दा निर्विवाद' असे लिहिले.

या संस्थेचे आधारस्तंभ म्हणजे डॉ. मुरलीधर आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीकाकू. डॉक्टर १९७७ साली एफआरसीएस करायला फक्त दोन वर्षांसाठी आले. दोन वर्षे संपल्यावर कन्सल्टंट झालो की परत, असे ठरले. मग मुलीची, अनुयाची, ए-लेव्हलची परीक्षा झाली की परत. मग पेन्शनचे वर्ष भरले की. हा सारा पत्रव्यवहार काकूंच्या तोंडपाठ आहे. १९९३ साली डॉक्टरांना मासेमारीचा नाद लागला, तेव्हा त्यांनी शेवटची आणि पक्की तारीख दिली. "एक सॅमन पकडू दे मला, सुहास. एकच. मग बॅगा भर."

काकूंनी लगेच तळेगावला फ्लॅट बुक केला.

त्यानंतर तेरा हंगाम झाले. डॉक्टरांकडे कमरेपर्यंतचे रबरी बूट आले, चार गळकाठ्या आल्या, गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्यांचे सहा डबे आले. सॅमन आला नाही. सगळ्या नदीत एकोणीस, आणि पकडणारे चौसष्ट. काकूंनी पहिल्याच हंगामानंतर परिस्थितीचा शास्त्रशुद्ध विचार केला होता. नवऱ्याला एक मिळायचा असेल तर नदीत निदान दोनशे हवेत. त्या दिवसापासून एल्डर नदीला त्यांच्याइतका कट्टर संवर्धक लाभलेला नाही. दर शनिवारी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या तळाचे गोटे दाताळ्याने साफ करीत, काठावर झाडे लावीत, आणि चाळीस स्वयंसेवकांना साबुदाणावडे खाऊ घालीत. गायींनी काठ तुडवू नये म्हणून त्यांनी एका शेतकऱ्याला असे काही झापले की त्याने कुंपण तर घातलेच, शिवाय ख्रिसमसला कार्ड पाठवले. इंग्रज सभासदांना वाटे, या बाईंचे निसर्गावर केवढे प्रेम! ते होतेच. फक्त ते तळेगावमार्गे होते.

मासेमारीच्या पद्धतीबद्दल मात्र त्यांचा मूलभूत आक्षेप होता. नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही, हे नाइजेल यांनी त्यांना एकदा समजावून सांगितले. काकू माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे बघ श्रीकांत, बाळंतपणाला माहेरी आलेली बाई, तिला कडक उपास, आणि हे चौसष्ट जण काठावर उभे राहून तिला खाण्यासाठी गळ घालतात. शोभतं का?"

नाइजेल यांनी भाषांतर मागितले. मी 'काही अंशी सहमत' एवढेच सांगितले, कारण इंग्रजीत गळ घालणारा आणि गळ टाकणारा यांचा एकमेकांशी परिचय नाही.

त्याच सुमारास नदीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने सल्लामसलतीचा कागद पाठवला. सॅमन परत का येत नाहीत, याची कारणे अनुभवी सभासदांनी महत्त्वाच्या क्रमाने द्यावीत. बहुतेकांनी 'प्रदूषण' लिहून कागद परत केला. डॉक्टरांनी तीन संध्याकाळ खर्च करून उत्तर तयार केले. संस्थेच्या दप्तरात ते आहे:

एक, समुद्रात खाण्यापिण्याची सोय उत्तम आहे. दोन, परतीच्या वाटेवर अडथळे फार, आणि ते ओलांडण्याचे वय निघून जाते. तीन, जन्मस्थळीचे पाणी आता पूर्वीसारखे राहिलेले नाही, असे जाऊन आलेले सांगतात. चार, मुळात जाऊन आलेलेच फार थोडे आहेत. पाच, तिथे आता ओळखीचे कोणी उरले असेल याची खात्री नाही. सहा, गुडघे.

हे उत्तर सभेत वाचून दाखवण्यात आले. इतके माशाच्या मनात शिरून केलेले विवेचन आपण पाहिले नव्हते, असे नाइजेल म्हणाले. सहावा मुद्दा त्यांनी अत्यंत हळुवारपणे वगळला, कारण सॅमनला गुडघे नसतात. काकू मागच्या रांगेत वडे झाकत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

२००६ च्या हंगामाचा शेवटचा दिवस शनिवारी आला. खात्याने आधीच कळवले होते की यंदाही गळाला एकही सॅमन लागला नाही, तर नदी बेमुदत बंद होईल. आदल्या वर्षी एकही लागला नव्हता. या वर्षी ऑक्टोबरपर्यंत तीच परिस्थिती. म्हणजे डॉक्टरांच्या हाती सूर्यास्तापर्यंतचा वेळ होता. काकू सकाळपासून नदीच्या वळणापलीकडे रोपे लावत होत्या आणि दर अर्ध्या तासाने वळणावर येऊन बघून जात होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. तेरा वर्षे एक बाई दुसऱ्याच्या नदीचे गोटे घासते आहे, आणि कशासाठी, तर आपल्या घरी जाता यावे म्हणून.

सव्वाचारला डॉक्टरांची गळकाठी वाकली.

मी जाळे घेऊन पाण्यात उतरलो. वीस मिनिटे डॉक्टर दोरा सोडत आणि गुंडाळत राहिले. मग सॅमन दमून जवळ आला. मादी होती, पोट अंड्यांनी भरलेले, अंगावर चांदीचा पत्रा चढवल्यासारखी. डॉक्टर ओणवे झाले. आयुष्यभर लोकांची हाडे जुळवलेले ते हात त्यांनी पाण्यात घातले. एखाद्या माणसाला इतके आनंदात मी क्वचित पाहिले आहे. आणि पुढच्याच क्षणी त्याच चेहऱ्यावर अशी भीती दिसली, की मला वाटले त्यांना झटका आला.

"जाळं नको," ते म्हणाले. "श्रीकांत, जाळं मागे घे."

त्यांनी गळ काढला. तिचे तोंड प्रवाहाकडे करून, दोन्ही हातांवर तिला धरून ते उभे राहिले. हे नियमाप्रमाणेच आहे, दमलेल्या माशाला श्वास घेऊ द्यावा लागतो. मग तिने शेपूट हलवले. डॉक्टरांना 'जा' म्हणवेना. आपल्याकडे निरोप देताना जा म्हणत नाहीत.

"ये हं," ते पुटपुटले, आणि ती गेली.

काठावर आल्यावर त्यांनी मला कायदेशीर बाजू समजावून सांगितली. "टेक्निकली बघ, तिला मी पाण्याबाहेर काढलंच नाही. जाळ्यातही घेतली नाही. मग ह्याला कॅच म्हणायचं का? मला तरी जेन्युइनली डाउट आहे." नियमावलीत 'पकडणे' या शब्दाची व्याख्या नाही, हे खरे होते. (नियमावली मीच टाइप केलेली आहे.)

हंगाम संपला की प्रत्येक सभासदाला 'कॅच रिटर्न' नावाचा फॉर्म भरावा लागतो. किती पकडले, किती परत सोडले, वजन अंदाजे किती. एकही नसेल तर 'निल' लिहायचे, त्याला निल रिटर्न म्हणतात. खाली साक्षीदाराची सही (हा अँगलर्सचा फॉर्म असल्यामुळे ही तरतूद करावी लागली). डॉक्टरांचे अक्षर डॉक्टरांचे असल्यामुळे त्यांचा फॉर्म दरवर्षी काकू भरतात. दुसऱ्या दिवशी रविवारी मी रीडिंगला त्यांच्याकडे सही करायला गेलो.

काकूंनी चष्मा लावला. "हं. किती?"

डॉक्टर पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

"निल," ते पेपरामागून म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला. काकूंचे पेन कागदावर टेकलेले होते, ते हलेना. मला वाटले, आता मी बोलावे. एका शब्दात या बाईची तेरा वर्षे कारणी लागली असती. मी तोंड उघडले.

"स्वातीवन्संचा फोन होता," काकू सावकाश म्हणाल्या. "तळेगावचा गीझर बंद पडलाय. सोसायटीत पाणी पण दिवसाआड."

"हो का?" पेपर म्हणाला.

"आणि अनुया पुन्हा फुल-टाइम होतेय. तिच्या वरदाला स्टॅनमोरला शाळेतून आणायला मंगळवार-गुरुवार कोण जाणार, सांग मला."

पेपराने पान उलटले. काकूंनी मोठ्या, सुवाच्य, रोमन अक्षरांत 'निल' लिहिले, खाली रेघ मारली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. बाहेर माझी गाडी होती. त्यांच्या नखांत अजून नदीचा चिखल होता. दार ओढून घेत त्या हळूच म्हणाल्या, "बारा पौंडांची तरी असेल, नाही रे?"

सलग दोन वर्षे निल आल्यामुळे खात्याने नदीतली मासेमारी बेमुदत बंद केली आहे. डॉक्टरांना आता सॅमन पकडणे कायद्यानेच अशक्य झाले असून सभेत त्यांनी याबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले. काकूंनी त्यांना पाणी दिले. गंमत म्हणजे गळकाठ्या बंद झाल्यापासून सभासद वाढून एक्क्याऐंशी झाले आहेत, आणि दर शनिवारी दोघेही गोटे घासायला हजर असतात. सॅमन परत यावेत याची तळमळ त्यांच्याइतकी कोणालाच नाही.

सचिवाने खोट्या फॉर्मवर सही का केली, असे कोणी विचारील. माझा ब्रॅकनेलचा प्रोजेक्ट अठरा महिन्यांचा होता. मी २००० साली आलो. सध्या नागपूरला आईला सांगितले आहे की नवीन रिलीज झाली की लगेच.

आणि आपण हे वाचून हसत असाल, आपण काही विलायतेत राहत नाही म्हणून, तर तेही ठीकच. आपला समुद्र ठाण्याला असेल, नाशिकला असेल, पिंपरीला असेल. गावाकडच्या घराची किल्ली कोणाकडे तरी ठेवलेली असेल. मुलीचे लग्न, धाकट्याची नोकरी, गुडघ्याचे ऑपरेशन, एवढे एकदा उरकले की आपण परत जाणारच आहात, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मजजवळ कोरे फॉर्म पुष्कळ शिल्लक आहेत. आकडा आपणच भरा. साक्षीदाराच्या जागी मी आधीच सही करून ठेवली आहे.